मल्लव्वाच्या डंकावरचे साक्षीदार

तुम्ही उद्या सकाळी उठलाच नाहीत, तर तुमच्या घराची किल्ली कुणाच्या हातात जाणार?

घेतलंत ना मनातल्या मनात एक नाव? आता सांगा, ते नाव कुठं लिहून ठेवलंय? नाही? "सगळ्या जगाला ठाऊक हाय की, लिहायचं कशाला," असंच ना? मग जरा बसा आणि मल्लव्वाचं ऐका. तिचं नाव तर खरोखरच सगळ्या जगाला ठाऊक होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाला मल्लव्वाचा डंक होता. डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. मोटर चालू झाली की लोखंडी मुसळं वर उचलली जातात आणि उखळात आदळतात, एकामागून एक. चैत्र लागला की कोल्हापुरातली निम्मी पेठ डबे-पिशव्या घेऊन तिच्या दारात. मिरच्या उन्हं दाखवून कडकडीत केलेल्या, कांदा-खोबरं तळून आणलेलं, लसूण सोललेला. रांगेत बसायचं, शिंकायचं, सुनांच्या चहाड्या करायच्या. मल्लव्वा मात्र कधी शिंकली नाही. बुटकी बाई, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, दोन्ही कानांत कापूस आणि भांगात कुंकवाच्या जागी मिरचीची पूड. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बोलणं म्हणजे भांडणच वाटावं, कारण डंकाच्या आवाजावर आवाज चढवायची आयुष्यभराची सवय.

"ए, मिरची दमट हाय तुझी! घरी जा, वाळवून आण!"

"काकू, आता कुठं परत जाऊ?"

"मग भाजीत बुरशी खा. मला काय!"

असा तिचा गिऱ्हाइकाशी व्यवहार. तरी गिऱ्हाईक तुटत नव्हतं.

या डंकाशेजारी पोत्यावर बसून जे पोरगं मोठं झालं, तो बसवेश. आता कोण बसवेश म्हणून विचारू नका. ज्याच्या गाण्यावर तुमच्या पोरांची वरात नाचली, तो. मोबाईलवर, सिनेमात, गणपतीच्या मिरवणुकीत, सगळीकडं त्याचा आवाज. मुलाखतीत त्याला कुणीतरी विचारलं, तुमचे गुरू कोण? तो म्हणाला, "आमच्या अव्वाचा डंक. ताल मी तिथं शिकलो." अव्वा म्हणजे आई. मल्लव्वाला तो जन्मभर अव्वाच म्हणाला. कार्यक्रम कितीही मोठा असो, तिला पहिल्या रांगेत बसवायचा आणि माईकवरून ओरडायचा, "अव्वा, कापूस काढ की कानातला!" हजारो माणसं हसायची. ही बाई खरंच कापूस काढायची.

तर अशी ती अख्ख्या महाराष्ट्राची अव्वा. पण तिनं त्याला जन्म दिला नव्हता. हे गल्लीतल्या जुन्या माणसांना माहीत होतं, बसवेशला माहीत होतं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. त्याला जन्म दिला विद्याश्रीनं. पोरगं रांगत होतं तेव्हा नवऱ्याशी पटलं नाही, रीतसर काडीमोड झाला, ती सीमेपलीकडं माहेरी गेली आणि पुढं तिनं दुसरा संसार मांडला. मी तिला त्याबद्दल नावं ठेवणार नाही. नांदवत नसतील तर बाईनं जावं, हे मी चौकात उभं राहून सांगत आले आहे. तिच्या मागं मल्लव्वा दुसरी बायको म्हणून त्या घरात आली. तिला स्वतःचं मूल झालं नाही.

डंकाची जागा भाड्याची होती. मूळ मालकानं ती विकायला काढली तेव्हा बसवेशनं विकत घेतली, खाली डंक ठेवला आणि वर दोन मजले चढवले. खरेदीच्या वेळी तो म्हणाला, अव्वा, तुझ्या नावावर करू. ही म्हणाली, "माझ्या नावानं कशापायी? तुझं ते माझंच की." असं आपल्या घराघरांत बोलतात. प्रेमानं बोलतात. आणि त्या प्रेमानं पुढं बायकांचा गळा आवळला जातो, ते मी किती वेळा बघितलंय, मोजणं सोडलंय.

गेल्या वर्षी चैत्रात बसवेशचा साखरपुडा झाला. लग्नाची तारीख निघाली. आणि एके दिवशी जिममध्ये पळायच्या यंत्रावर तो कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती पोरानं.

मी डंकावर पोचले तेव्हा मुसळं थांबलेली होती. इतक्या वर्षांत दिवसाउजेडी ती जागा कधी गप्प पाहिली नव्हती. मल्लव्वा उखळाजवळ उभी होती, हातात पळी तशीच.

"पोरी, हे फोनवर काय सांगालेत गं? मला नीट ऐकू येत न्हाय."

तिच्या कानातला कापूस मी काढला.

चौकाचौकात श्रद्धांजलीचे डिजिटल फलक लागले. रुद्रभूमीत, म्हणजे समाजाच्या दफनभूमीत, त्याला बसवून समाधी दिली तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मंत्री आले, नट आले, कॅमेरे आले. विद्याश्रीही आली, बरोबर तिचा भाऊ शिवय्या. ती समाधीपाशी हंबरडा फोडून रडली. खोटं रडली असं मी म्हणणार नाही. पोटचं पोरगं होतं. मल्लव्वा रडली नाही. ती नुसतं बघत होती. एका कॅमेरावाल्यानं तिला बाजूला सारलं, "मावशी, जरा सरका, आईला घेऊ द्या फ्रेममध्ये." मी त्याची कॉलर धरणार होते. मल्लव्वानंच माझा हात धरला.

तिसऱ्या दिवशी तिनं डंक चालू केला.

यावर जे रान उठलं, विचारू नका. कुणीतरी गुपचूप चित्रण करून मोबाईलवर सोडलं: सुपरस्टार गेला आणि तिसऱ्या दिवशी आई मिरची कुटतेय! खाली शिव्यांचा पाऊस. 'हिला आई म्हणायचं?' 'पैशाची भुकेली.' तरणी पोरं दारात येऊन ओरडायला लागली. एकाला मी गाठलंच.

"ओ पावणं, कुठलं तुम्ही?"

"कबनूरचा. बसवेशदादाचा फॅन हाय मी. हिला लाज न्हाय व्हय? सुतक तरी पाळावं!"

"ह्या घरात सुतक पाळत नाहीत, बाळा. लिंगायत आहेत. माणूस शिवाला मिळालं म्हणजे विटाळ कसला? दादाच्या घरची रीत दादाच्या फॅनला ठाऊक नाही?"

तो निघून गेला. पण मोबाईलवरच्या लाखभर लोकांना मी कुठं गाठणार? आणि खरं कारण तर त्याहून साधं होतं. मृत्यूच्या दिवशी रांगेतल्या बायका डबे तिथंच टाकून रडत घरी गेल्या होत्या. आत तळलेला कांदा, तळलेलं खोबरं. ठेवलं असतं तर खवट झालं असतं. "लोकांचा वर्षाचा मसाला हाय," मल्लव्वा म्हणाली, "माझ्या दुःखापायी त्यांनी वरीसभर खवट खावं व्हय?"

त्याच आठवड्यात विद्याश्री एका वाहिनीवर दिसली. बातमीदारानं विचारलं, तिसऱ्या दिवशी यंत्र चालू केलं, तुम्हाला काय वाटतं? ती त्याच समाजाची. रीत तिला पक्की माहीत. तिनं पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "मी काय बोलू? सख्खी असती तर हात चालला असता का?" दुकानात उभ्या उभ्या मी ते ऐकलं आणि हातातला चहाचा कप आपटला. फुटला. भरून दिला.

पण खरा दणका पुढं होता. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली. विद्याश्रीनं कोर्टात वारस दाखल्याचा अर्ज केला होता, एकमेव वारस म्हणून. कुणाची हरकत असेल तर कळवावी. घर, डंकाची जागा, गाण्यांचे हक्क, सगळं त्यात आलं.

मल्लव्वाला घेऊन मी ॲडव्होकेट अमरसिंहांकडं गेले. शहाणा माणूस, माझ्या बऱ्याच भांडणांत उभा राहिलेला. मी खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाले. म्हटलं, हरकत ठोका, त्या बाईला पळवून लावू, अख्खं कोल्हापूर साक्षीला आणते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मृत्युपत्र आहे?"

"नाही."

"दत्तक घेतलं होतं यांनी त्याला? काही विधी?"

मल्लव्वा म्हणाली, "घरातलंच पोरगं. घरातल्या पोराला दत्तक घेत्यात व्हय?"

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, मुलगा अविवाहित. मूलबाळ नाही. मृत्युपत्र नाही. अशा वेळी कायद्यात पहिल्या रांगेत उरते ती आई. आणि आई म्हणजे जन्म दिलेली, नाहीतर कायद्यानं दत्तक घेतलेली. सावत्र आई त्या रांगेत नाही. ती फार मागं, बापाची विधवा म्हणून. पहिल्या रांगेत एक माणूस जरी जिवंत असलं, तरी मागच्यांना काही मिळत नाही."

"ती सोडून गेली होती! दुसरं लग्न केलंय तिनं!"

"काडीमोड नवऱ्याशी होतो. लेकराशी होत नाही."

मला वाटलं कुणीतरी थोबाडीत मारली. मी कायदा शिकले तो कॉलेजात नाही, कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून. शेकडो बायकांना हक्क समजावून सांगितले. आणि वाढवणारी आई कायद्याला दिसतच नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. साखरपुडा झालेली ती पोरगीसुद्धा कुणीच नाही. ती तर बिचारी अंगठी परत द्यायची की ठेवायची, ते विचारायला आली होती.

"मग माझा डंक?" मल्लव्वानं विचारलं. घराबद्दल नाही, गाण्यांच्या पैशाबद्दल नाही. "डंक तिथंच ऱ्हाईल न्हवं?"

वकिलांनी उठून दार लावून घेतलं. मग त्यांनी एक वाट सांगितली. शाळेपासून पासपोर्टपर्यंत बसवेशच्या सगळ्या कागदांवर आईचं नाव मल्लव्वा आहे. बाळंतपण झालं ते सीमेपलीकडच्या खेड्यात, घरात. जन्माची नोंदच नाही. "मी तुम्हाला खोटं बोला म्हणणार नाही. तुम्ही फक्त गप्प राहायचं. आपण जन्मदाती आहोत हे तिला सिद्ध करू दे. साक्षीदार म्हातारे झालेत, काही गेलेत. वर्षं जातील. तोवर तुमचा डंक हलवायला कुणी येणार नाही. आणि कंटाळून ती तडजोडीला येईल."

मला पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. रिक्षात मी तिला हजारदा बजावलं, "काकू, काय बी झालं तरी तोंड उघडायचं न्हाई. एवढंच काम. गप बसायचं."

"जमंल की," ती म्हणाली. "गप बसायला काय लागतंय?"

कोर्टानं प्रकरण आधी मध्यस्थीला धाडलं. एक लहान खोली, मध्ये टेबल. एका बाजूला विद्याश्री आणि शिवय्या, दुसऱ्या बाजूला मल्लव्वा, वकील आणि सोबत म्हणून मी. समोर मध्यस्थ म्हणून बसलेल्या निवृत्त न्यायाधीशबाई. अमरसिंहांनी कागद पुढं सरकवले: शाळेचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट. आई मल्लव्वा, आई मल्लव्वा, आई मल्लव्वा. शिवय्याचा चेहरा पडला. तो ओरडला, "हे खोटं हाय! माझ्या बहिणीचं पोरगं ते!"

"सिद्ध करा," वकील शांतपणे म्हणाले.

विद्याश्री कागदांकडं बघत राहिली. तिनं एकेका कागदावर बोट फिरवलं. स्वतःचं नाव शोधत होती. कुठंच नव्हतं. मग ती रडायला लागली, आणि या वेळी समोर कॅमेरा नव्हता. "मी त्याला जन्मच दिला न्हाय व्हय?" ती भावाला विचारत होती. "शिवय्या, तू हुतास न्हवं? सांग की ह्यांना. मी त्याला जन्मच दिला न्हाय व्हय?"

मी टेबलाखालून मल्लव्वाच्या पायावर पाय ठेवला. गप्प.

आणि मल्लव्वा तिच्या त्या डंकावरच्या आवाजात बोलली. न्यायाधीशबाई दचकल्या.

"ती म्हणती ते खरं हाय. पोटातनं तिनं काढलाय. मी वाढीवलाय."

वकिलांनी डोळे मिटले. मी किंचाळले, "काकू! काय केलंत हे?"

"त्यो बारका हुता तवापासनं त्याला सांगत आलो, तुझी आई जित्ती हाय, तिला वाईट बोलायचं न्हाय. त्याला कधी खोटं सांगितलं न्हाय. आता त्यो न्हाय म्हणून सांगू व्हय?"

"तुम्हाला खोटं सांगायचंच नव्हतं! गप बसायचं होतं फक्त!"

"ही बाई असं इचारालीया नि मी गप बसू? ते खोटंच की."

न्यायाधीशबाईंनी तिला पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "एवढं जपणारा मुलगा होता. त्यानं तुमच्यासाठी काही लिहून कसं ठेवलं नाही?"

मल्लव्वा बराच वेळ गप्प राहिली. जे गप्प राहणं मला हवं होतं, ते आता आलं, जेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

"लिहीत हुता की," ती म्हणाली. "साखरपुड्याच्या दुसऱ्या दिशी डंकावर आला. म्हणाला, अव्वा, आता बायको येणार, पोरं हुणार. त्याच्या आधी डंक नि घर तुझ्या नावानं लिहून ठेवतो. साधा कागद चालतो म्हणं. दोन साक्षीदार लागत्यात. रांगेतल्या दोघींच्या सह्या घेऊ. पेन बी काढला त्यानं."

"मग?"

"मी पेन हिसकावून घेतला. म्हणालो, साखरपुडा झालाय, हळद लागायची हाय अजून. ह्या मधल्या दिसांत मरणाचा शब्द काढत्यात व्हय? रांगेतल्या बायका मसाला न्यायला आल्यात, तुझ्या मरणाला साक्षीदार ऱ्हायला न्हाई." तिनं तळहात उलटसुलट करून पाहिले. "त्यो हसला. म्हणाला, बरं, अक्षता पडल्यावर लिहू."

शिवय्यासुद्धा खाली बघत होता. मला आठवत होता तो दिवस. रांग दारापर्यंत होती. दोन साक्षीदार? पन्नास मिळाले असते.

आता तुम्ही म्हणाल, मल्लव्वाचं खरेपण बघून विद्याश्रीचं मन पाघळलं असेल, तिनं घर देऊन टाकलं असेल. नाही, साहेब. तसं गाण्यात होतं. विद्याश्रीनं डोळे पुसले, वारस दाखला घेतला, घर घेतलं, आणि दिवाळीच्या आत ते बिल्डरला विकून टाकलं. कायद्यानं तिचंच होतं. एवढंच झालं की त्या खोलीतून बाहेर पडताना ती मल्लव्वापाशी थांबली आणि म्हणाली, "यंत्र तुम्ही न्या. मला त्याचा आवाज सोसत न्हाय." उपकार म्हणून नाही. खरंच सोसत नव्हता.

डंक उखडायला चार हमाल लागले. पाया जमिनीत खोल गेला होता. मुसळं निघाली, उखळ निघालं, आणि जिथं बसवेशचं पोतं असायचं तिथं खाली फरशीला खळगा पडलेला दिसला, बसून बसून. मल्लव्वानं तो खळगा झाडून घेतला. घर दुसऱ्याचं, उद्या पाडायचं, आणि ही बाई खळगा झाडतेय. टेम्पोत चढताना मी तिला म्हटलं, "काकू, अजून बी मला तुमचा राग येतोय."

"येऊ दे की," ती म्हणाली. "मिरची वाळली का तुझी? न्हायतर आणू नको."

आता ती पेठ वडगावला आहे, माहेरच्या गावी. बाजाराच्या मागं पत्र्याच्या शेडात डंक बसवलाय. मला वाटलं होतं तिथं कोण येणार. पण कोल्हापुरातनंसुद्धा बायका बस धरून जातात. तीच रांग, तेच शिंकणं, तेच ओरडणं. फरक एकच. उखळाशेजारी खिळ्याला एक पेन दोरीनं बांधून टांगलंय. हा तिचा विचार, माझा नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, हे काय?

"पेन हाय. दिसत न्हाय व्हय?"

मग रांगेत पुढं बसलेल्या बाईकडं बघून ती ओरडली, "ए, घर कुणाच्या नावानं हाय तुझं? लिवलंयस काय? ही बघ, शेजारच्या दोघी बसल्यात. मसाला हुईस्तोवर लिव! लेकीचं लगीन हाय म्हणून थांबू नको. मी थांबलो हुतो."

त्या बाईनं दचकून पदर सावरला. पण पेन हातात घेतलं.

म्हणून तुम्हाला सांगते. नुसतं सांगत नाही, हात जोडून मागते. घर, शेत, दुकान, डंक, जे काही तुमच्या नावावर असेल ते आणि ज्याला द्यायचं ते नाव साध्या कागदावर लिहा. तारीख टाका. ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही अशा दोन माणसांसमोर सही करा आणि तुमच्यासमोर त्यांच्या सह्या घ्या. घरात लग्न असो, बारसं असो, मुहूर्त बघू नका. साक्षीदार मिळत नसतील तर पेठ वडगावला मल्लव्वाच्या रांगेत या. मिरची मात्र वाळवून आणा.